चित्राखालचे नाव

मुलांनो, तुमच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एखादा तरी तास चित्रकलेचा असतो. तो तास कधी गणिताचे गुरुजी घेऊन टाकतात, कधी पावसामुळे बुडतो. तरी पण तो असतो. तुमच्याजवळ रंगपेटी असते, कागद असतो आणि काढलेले चित्र पाहावयास घरी कोणी तरी असते. आपल्या खानदेशात मात्र अशीही मुले आहेत की, ज्यांच्या वाट्यास हा तास येतच नाही. दिवाळी सरली की, ऊसतोडीच्या कामासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या कुटुंबांची मुले, तापी-गिरणेच्या काठच्या वीटभट्ट्यांवर गाढवांच्या मागे धावणारी मुले, सातपुड्याच्या कुशीतील पाड्यांवर धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन गुरे राखणारी मुले, ही सारी तुमच्याच वयाची आहेत.

अशा मुलांसाठी महाविद्यालयात शिकणारे तरुण-तरुणी सवड काढून जातात, त्यांच्यासमवेत जमिनीवर बसतात, त्यांना कागद व रंग देतात आणि त्यांची चित्रे होऊ देतात. ह्या उपक्रमास आपण ‘कलावर्ग’ असे म्हणू. जगात पुष्कळ ठिकाणी तो चालतो. तो कोठून आला, त्यासाठी काय लागते आणि तो चालविताना कोठे चुकते, हे आपण ह्या पाठात पाहणार आहोत.

प्रथम एका शंकेचा विचार केला पाहिजे. ज्या लेकरास दोन वेळचे पोटभर अन्न नाही, त्यास रंगपेटी कशाला? त्यापेक्षा त्याला भाकरी द्यावी, वही-पुस्तक द्यावे, हे अधिक शहाणपणाचे नव्हे काय? ही शंका मूर्खपणाची नाही. चांगल्या समंजस माणसांनी ती मजजवळ बोलून दाखविली आहे. भाकरी आधी, हे तर खरेच. परंतु भाकरीनंतर रंग, आणि तेही पुढे कधी तरी, असा क्रम लावता येतो का, हे ठरविण्यासाठी आपण अशा ठिकाणी जाऊ, जेथे हा प्रश्न अत्यंत कठोर स्वरूपात उभा राहिला होता.

सन १९३४. चेकोस्लोव्हाकिया ह्या देशाची राजधानी प्राग. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली होती, आणि त्याच्या भयाने घरदार सोडून पळालेली अनेक कुटुंबे प्रागमध्ये येऊन राहिली होती. त्या निर्वासितांच्या मुलांसाठी फ्रीड्ल डिकर नावाच्या एक चित्रकार बाई वर्ग घेऊ लागल्या. बाई मूळच्या व्हिएन्नाच्या. जन्म १८९८ सालचा. जर्मनीतील बाउहाउस ह्या विख्यात कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्या हाताखाली काम करण्यासाठी एडिथ क्रामर ही त्यांची अठरा वर्षांची विद्यार्थिनी व्हिएन्नाहून प्रागला आली. ती स्वतः अजून शिकतच होती. परंतु गुरूच्या शेजारी बसून ती मुलांना कागद वाटी, रंग कालवी आणि मुले काय करतात ते लक्षपूर्वक पाही.

तिने काय पाहिले? कोणी भेदरलेले मूल एकच आकृती पुन्हा पुन्हा गिरवीत बसते. कोणी मोठे झालेले मूल तान्ह्या पोरासारखे नुसत्या रेघोट्या ओढते. ज्यांनी छळले त्यांचेच सोंग कोणी घेते. तोंडाने सांगता न येणारी गोष्ट हात सांगू पाहतो, आणि ती एकदा कागदावर उतरली की, मूल थोडे मोकळे होते. एडिथ १९३८ साली अमेरिकेस गेली. पुढे न्यू यॉर्क राज्यात, घरातून व समाजातून दुरावलेल्या मुलग्यांच्या एका निवासी शाळेत तिने अनेक वर्षे चित्रकला शिकविली आणि त्या अनुभवावर १९५८ साली पुस्तक लिहिले. मनाच्या दुखण्यावर चित्रकलेच्या साहाय्याने उपचार करण्याचे जे शास्त्र आज जगभर शिकविले जाते, त्याच्या संस्थापकांत एडिथ क्रामर हिचे नाव आदराने घेतात. प्रागमध्ये रंग कालविणाऱ्या मुलीने पुढे एवढे काम केले.

तिच्या गुरूंचे काय झाले, ते आता ऐका.

प्रागच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर तेरेझिन नावाचे तटबंदीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या बादशहाने ते वसविले व त्याला आपल्या आईचे नाव दिले. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नाझींनी ह्या गावाचा कोंडवाडा केला. ज्यू लोकांना धरून आणून तेथे डांबावे आणि मग आगगाड्यांत भरून पूर्वेकडील मृत्युछावण्यांत पाठवावे, असा क्रम होता. १७ डिसेंबर १९४२ रोजी फ्रीड्लबाईंना त्यांच्या पतीसह तेथे नेण्यात आले. प्रत्येकास पन्नास किलो सामान नेण्याची मुभा होती. अशा वेळी माणूस काय बरोबर घेईल? ऊबदार कपडे, सुकविलेले अन्न, औषधे. बाईंनी त्या पन्नास किलोंत कागद आणि रंग भरून घेतले. मुले असतील, त्यांना लागतील, म्हणून.

मुले होतीच. आईबापांपासून वेगळी काढून त्यांना मोठ्या इमारतींत ठेवले होते. एकेका खोलीत तिमजली फळ्यांवर दाटीवाटीने ती झोपत. भूक होती, उवा होत्या, साथीचे रोग होते, आणि उद्या आपले नाव गाडीच्या यादीत निघेल का, ही धास्ती होती. बाई ह्या खोल्यांतून वर्ग घेऊ लागल्या. आणलेला कागद संपला तेव्हा कचेरीतील छापील नमुन्यांच्या कोऱ्या पाठी, पुड्यांचे कागद, जे मिळेल ते वापरले जाऊ लागले.

त्यांची शिकविण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. “तुमचे दुःख काढा,” असे त्या मुलांना कधी सांगत नसत. प्रथम हात मोकळा व्हावा म्हणून तालावर रेषा काढावयास लावीत: हलकी रेषा, जड रेषा, वळणारी, थबकणारी. मग एखादे फुलपात्र, एखादी खुर्ची समोर ठेवीत. मग एखादी कथा सांगत. मग मुले आपल्या मनाने काढू लागत. आणि त्यांनी काय काढले? घर, अंगण, खिडकीतला दिवा, फुले, फुलपाखरे, जेवणाच्या पदार्थांनी भरलेले मेज. काहींनी फळ्यांची बिछाने व पहारेकरीही काढले. पण ज्या गोष्टी हिरावून घेतल्या गेल्या होत्या, त्या मुलांनी कागदावर पुन्हा मिळविल्या. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या कोंडवाड्याच्या आतच बाईंनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, आणि मुलांच्या चित्रांविषयी मोठ्या माणसांपुढे व्याख्यानही दिले.

बाईंचा आणखी एक नियम होता. प्रत्येक मुलाने आपल्या चित्रावर आपले नाव घातले पाहिजे. हा नियम लहानसा दिसतो. परंतु त्या ठिकाणी माणसाचा व्यवहार नावाने होत नसे, गाडीच्या यादीतील क्रमांकाने होई, हे ध्यानात घ्या.

१९४४ च्या ऑक्टोबरात फ्रीड्लबाईंना आउश्वित्सच्या छावणीत पाठविण्यात आले व तेथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक मुलेही वाचली नाहीत. परंतु जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर १९४५ साली त्या पेट्या प्रागला आणल्या गेल्या. आज ती चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत, आणि भिंतीवर लावलेल्या चित्रांखाली मुलांची नावे आहेत.

तेरेझिनच्या मुलांना भाकरीची गरज नव्हती, असे कोण म्हणेल? परंतु जी भाकरी कोणालाच देता येत नव्हती, तिची वाट पाहत बसण्यापेक्षा जे देता येत होते ते बाईंनी दिले.

पोलंडच्या वॉर्सा शहरातील अशाच एका कोंडवाड्यात डॉ. यानुश कोर्चाक नावाचे थोर गृहस्थ सुमारे दोनशे अनाथ मुलांचा सांभाळ करीत होते. तेथे एस्तेर्का विनोग्रोन ही तरुणी स्वयंसेविका म्हणून त्यांना मदत करी. युद्धापूर्वी ती वॉर्साच्या विद्यापीठात निसर्गशास्त्राची विद्यार्थिनी होती. १८ जुलै १९४२ रोजी तिने त्या अनाथ मुलांकडून एक नाटक करवून घेतले. कोणाचे असेल? आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’! खिडकीत बसून बाहेरचे जग पाहणारा आजारी अमल, पोलंडातील एका अनाथ मुलाने उभा केला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ती सर्व मुले, त्यांचे डॉक्टर आणि त्यांचे सोबती ट्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेले गेले. बंगालात लिहिलेले नाटक त्या मुलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या सोबतीस गेले, ही गोष्ट वाचताना मला प्रत्येक वेळी थांबावे लागते. असो.

आता आपल्या मुलखाकडे वळू. युद्ध व कोंडवाडे येथे नव्हते. पण मुकी मुले येथेही होती आणि आहेत. जिव्या सोमा मशे ह्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पालघर जिल्ह्यातील डहाणूच्या परिसरात १९३४ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने ह्या मुलाचे बोलणे बंद झाले. ते धुळीत बोटाने चित्रे काढीत व त्यांतून आपले म्हणणे सांगत. वारल्यांत लग्नाच्या वेळी सुवासिनींनी भिंतीवर चौक लिहावयाचा, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, अशी रीत आहे. पुरुषांचे ते काम नव्हे. परंतु जिव्यांनी ते आपलेसे केले. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर येऊन राहू लागले. बिहारात १९६६-६७ चा दुष्काळ पडला, तेव्हा मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती भिंतीऐवजी कागद देण्याचे काम ह्याच कुलकर्ण्यांनी केले होते. वारल्यांनाही त्यांनी कागद व रंग दिले. त्यांनी काय काढावे हे सांगितले नाही, हे विशेष. जिव्या मशे ह्यांची चित्रे पुढे देशोदेशी गेली. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ साली ते वारले.

त्याच टापूत ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी लहान मुलांचे शिक्षण आरंभिले होते: १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द तेथला. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा कुरणात शाळा भरविली व तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. विकतची महाग साधने टाकून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा वस्तू मुलांपुढे मांडल्या. कलावर्ग चालवू इच्छिणाऱ्यास ह्या दोघींच्या कामातून जे शिकता येईल, ते जाड पुस्तकांतूनही क्वचितच मिळेल.

आणि खानदेशातले उदाहरण हवे असेल तर १९३६ च्या डिसेंबरात चला फैजपूरला. राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरणार होते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्या अधिवेशनासाठी पूर्व खानदेशात पायपीट केली. मंडप सजविण्याचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस ह्यांच्याकडे सोपविले. नंदलालांनी शहरातून मखमल व झुंबरे आणविली नाहीत. बांबू व तत्सम गावठी साहित्यातून तो मंडप सजला. हे नंदलाल त्यापूर्वी पाव शतक आधी आपल्या मुलखाजवळ येऊन गेले होते. अवनींद्रनाथांचे शिष्य असताना, १९०९-१० च्या हिवाळ्यात, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी लेडी हेरिंगहॅम ह्यांच्या तुकडीत ते आले होते. अजिंठ्याच्या कलावंतांचे रंग तरी कोणते होते? गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवट दगडाची भुकटी. निळा तेवढा दूर देशीच्या दगडाचा. बाकी सारे आसपासच्या मातीतले. जळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतके अजिंठे जवळ आहे. तेव्हा रंगपेटी नाही म्हणून कलावर्ग अडला, असे खानदेशातल्या माणसाने तरी म्हणू नये.

ह्या रंगांची कृती सांगतो. कपाशी वेचून झाली की, शेतात पऱ्हाट्या उभ्या असतात. त्यांच्या बोटाएवढ्या सरळ काड्या साल काढून घ्याव्या व पत्र्याच्या डब्यात ठासून भराव्या. झाकणास खिळ्याने एक बारीक भोक पाडून डबा शेकोटीत ठेवावा. भोकातून प्रथम दाट धूर येतो. धूर थांबला की डबा बाहेर काढून पुरता निवू द्यावा. घाईने उघडलात तर आत हवा शिरून काड्या पेट घेतात आणि हाती राख येते. नीट निवालेल्या काडीने कागदावर मखमलीसारखी काळी रेषा उमटते. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी हळद. फाल्गुनात सातपुडा पळसाने पेटलेला असतो. त्या फुलांना पाण्यात उकळले की केशरी रंग निघतो. बाभळीचा डिंक भिजवून त्या पाण्यात रंग कालवावा, म्हणजे तो कागदास धरून राहतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घातली, तर पिवळ्याचा लाल होतो. ही गंमत मुलांसमोर करावी. ती फार आनंदतात. चुना मात्र वर्ग चालविणाऱ्यानेच हाताळावा, मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेला तर इजा होते. कुंचल्यासाठी बांबूची किंवा खजुरीची काडी ठेचून तिचे टोक केसाळ करावे. कागद पाठकोरे चालतात. तेरेझिनमध्ये तेच चालले होते.

साधने जमली. आता चालविणारे कोण? आपल्या देशात २४ सप्टेंबर १९६९ रोजी सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. त्या योजनेतील विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजाच्या कामास द्यावयाचे असतात, आणि एखाद्या गावी सात दिवस राहून शिबिरही करावयाचे असते. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या तीनही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्यास जोडलेली आहेत. शोषखड्डे, वृक्षारोपण, ग्रामसफाई ही कामे शिबिरार्थी करतात. ती आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीस कलावर्ग ठेवण्यास कसलाही मोठा खर्च येत नाही.

परंतु कलावर्ग सोपा नाही. तो बिघडविण्याच्या वाटा पुष्कळ आहेत, आणि चांगल्या मनाची माणसेच त्या वाटांनी जातात. पहिली वाट म्हणजे छापील आकृती देऊन “हिच्यात रंग भरा” म्हणणे. मुले भरतातही, पण ते चित्र कोणाचे? दुसरी वाट म्हणजे मुलाच्या हातून काडी घेऊन “असे नव्हे, असे” म्हणत त्याचे चित्र सुधारणे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक ह्यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग काढला, तेव्हापासून जाणते शिक्षक सांगत आले आहेत की, लहान मूल जसे दिसते तसे काढीत नाही; त्याला जसे माहीत असते व जसे वाटते तसे काढते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या माणसाला डोक्यातूनच पाय फुटतात. मडके बंद असले तरी आतला भात दिसतो, कारण तो आत आहे हे त्याला ठाऊक असते. आई झोपडीपेक्षा उंच असते. ह्याला चूक म्हणणारा मनुष्य त्या मुलाशी बोलण्याची संधी गमावतो.

एका वीटभट्टीवरील वर्गात एका मुलाने कागदभर गाढव काढले आणि त्याच्या पायापाशी मुंगीएवढी माणसे. वर्ग घेणारा तरुण हसू दाबीत विचारू लागला, “गाढव एवढे मोठे कसे रे?” मुलगा गप्प झाला व कागद पालथा घालून बसला. त्या तरुणाबरोबरची मुलगी धरणगावकडची; अहिराणी तिची घरची बोली. तिने शेजारी बसून सहज विचारले, “हाऊ कोन शे? माले सांग ना.” मग पोर बोलू लागले. गाढवाचे नाव काय, ते दिवसाला किती खेपा करते, त्याच्या पाठीवरची जखम कधीची, तिच्यावर काय लावतात. बाप आजारी होता, घर त्या गाढवावर चालले होते. ते कागदावर मोठे नसते तर आश्चर्य. येथे बोलीचा गुण दिसतो. अहिराणी, पावरी, भिल्ली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीतून प्रश्न केला की, तो परीक्षेत बसल्यासारखा होतो. ज्यास त्याची बोली येत नाही, त्याने निदान तिच्यातील दहा-वीस शब्द शिकून जावे; चुकला तर मुले आनंदाने दुरुस्त करतात, आणि त्या दिवशी गुरू तेच होतात.

आपल्या विद्यापीठास २०१८ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांची आठवण येथे येते. १८८० साली जन्मलेल्या ह्या माउलीस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि एक आप्त, ह्या दोघांनी ती गाणी लिहून घेतली म्हणून १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. लिहून घेणाऱ्यांनी त्यांचे शब्द पुस्तकी केले नाहीत. कलावर्गातील स्वयंसेवकाचे काम ह्याच जातीचे आहे. तो चित्रकार असलाच पाहिजे असे नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. सात दिवसांच्या शिबिरात मुलांना लळा लागतो, आठव्या दिवशी ताई-दादा निघून जातात, आणि परत येत नाहीत. ज्यांच्या आयुष्यात माणसे व गावे सारखी सुटत असतात, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नव्हे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, एकाच आठवड्यात सात वर्ग घेण्यापेक्षा दर रविवारी एक याप्रमाणे महिने दोन महिने वर्ग घ्यावा. “पुढच्या रविवारी येतो” असे म्हटले तर यावे. परीक्षा असेल तर तसे आधी सांगावे, आणि आपल्या जागी दुसऱ्यास पाठवावे. शेवटचा दिवस कोणता, हेही मुलांना आधी माहीत असावे. दोन-चारच विद्यार्थी असले तरी चालेल; पण तेच ते असावेत.

शेवटची वाट प्रदर्शनाची. वर्ग संपला की महाविद्यालयात चित्रे टांगतात, पाहुणे येतात, टाळ्या पडतात. प्रत्येक चित्राखाली लिहिलेले असते: ‘वीटभट्टीवरील मुलाचे चित्र’. त्या भट्टीवर काय एकच मूल होते? स्वयंसेवकांची नावे मात्र फलकावर ठळक अक्षरांत असतात. फ्रीड्लबाईंचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून हे होणार नाही. चित्र ज्याचे, त्याचे नाव त्यावर असले पाहिजे, आणि ते बाहेर दाखवावयाचे तर आधी त्या मुलास व त्याच्या आईबापांस विचारले पाहिजे. मूल नको म्हणाले तर चित्र टांगू नये, मग ते कितीही सुंदर असो.

नाव लिहिता येत नसेल तर? बहुधा येत नसतेच. तेव्हा स्वयंसेवकाने मुलाला त्याचे नाव विचारावे. हाजरीपटावरचे नव्हे, त्याची आई ज्या नावाने हाक मारते ते. एका कोपऱ्यात ते सुवाच्य लिहून दाखवावे आणि मुलाला त्याखाली पाहून काढू द्यावे. प्रथम ते अक्षरांचेही चित्रच काढते: काना आधी, शिरोरेघ वेगळ्या दिशेने. तिसऱ्या-चौथ्या रविवारी कोणाच्या मदतीवाचून नाव उमटू लागते. मग शेजारच्या मुलाच्या नावात आपलेच एखादे अक्षर आहे, असा शोध लागतो, आणि दोघे ते अक्षर विटांच्या गोण्यांवर, ट्रकच्या फळीवर, साखरेच्या पुड्यावर हुडकीत फिरतात.

पावसाळा तोंडावर आला की वीटभट्ट्या बंद होतात. झोपड्या मोडल्या जातात, भांडी पोत्यात जातात, गाढवे हाकली जातात. त्यापूर्वीच्या रविवारी सर्व चित्रे ज्याची त्याला परत द्यावीत. एखाद्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, सुतळीने बांधून आई ते भेंडोळे पेटीच्या तळाशी, रेशनकार्डाच्या शेजारी ठेवते.